मराठवाड्यातील २०१८ सालचा कोरडा शरद ऋतू
सप्टेंबर ते नोव्हेंबर २०१८ या काळात मराठवाडा विभागात पाऊस सरासरीपेक्षा बराच कमी पडला आणि दिवसाचे तापमान चढे राहिले. त्या वर्षीच्या नैर्ऋत्य मोसमी हंगामात (जून ते सप्टेंबर) विभागात सुमारे २२ टक्के तूट नोंदली गेली. मात्र २०१८-१९ च्या दुष्काळाची तीव्रता केवळ या तुटीवरून समजत नाही. परतीच्या पावसाने फिरवलेली पाठ हा त्यातील निर्णायक भाग होता.

सर्वसाधारण हवामान

मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. चार महिन्यांच्या हंगामात येथे सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यात सप्टेंबरचा वाटा साधारण दीडशे मिलिमीटर किंवा त्याहून थोडा अधिक असतो. ऑक्टोबरमध्ये साठ-सत्तर, तर नोव्हेंबरमध्ये वीस-पंचवीस मिलिमीटर पाऊस अपेक्षित असतो. ऑक्टोबरचे सरासरी कमाल तापमान ३२ ते ३३ अंश सेल्सियस असते. नोव्हेंबरमध्ये ते ३० अंशांच्या आसपास येते आणि रात्री थंड होऊ लागतात.

आकड्यांनी लहान असला, तरी शरदातील पाऊस शेतीसाठी मोठा असतो. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते आणि पुढे हे पीक मुख्यतः काळ्या मातीत साठलेल्या ओलाव्यावर वाढते. म्हणूनच उत्तरा व हस्त नक्षत्रांच्या पावसाकडे शेतकऱ्यांचे विशेष लक्ष असते. तूर याच सुमारास फुलोऱ्याकडे जाते आणि कापसाला बोंडे भरण्यासाठी पाणी लागते.

२०१८ मधील पाऊस

देशभरात ऑगस्टपर्यंत पाऊस सरासरीच्या ९० टक्क्यांहून अधिक होता. सप्टेंबरमध्ये मात्र तो ७६ टक्क्यांवर घसरला. मराठवाड्यात ऑगस्टच्या मध्यास बरा पाऊस झाला होता, परंतु त्यानंतर दीर्घ खंड पडला. पूर्वेकडील नांदेड व हिंगोली जिल्ह्यांची स्थिती तुलनेने बरी राहिली. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) व बीड या जिल्ह्यांत तूट अधिक जाणवली.

मोसमी वाऱ्यांची माघार २९ सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून सुरू झाली व २१ ऑक्टोबरपर्यंत ते संपूर्ण देशातून परतले. एरवी या काळात बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे पश्चिमेकडे सरकून मराठवाड्याला पाऊस देतात. त्या वर्षी तसे घडले नाही. ‘तितली’ चक्रीवादळ ११ ऑक्टोबरला आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर आदळून ओडिशाकडे वळले. अरबी समुद्रातील ‘लुबान’ येमेनकडे गेले आणि नोव्हेंबरमधील ‘गज’ तामिळनाडूच्या किनाऱ्यावर धडकले. तिन्ही वादळांचे मार्ग मराठवाड्यापासून दूर राहिले.

तापमान

ओल्या जमिनीवर पडणाऱ्या उन्हाची बरीच उष्णता बाष्पीभवनात खर्च होते. माती सुकली की तीच उष्णता हवा तापवते. निरभ्र आकाश आणि सुकलेली माती यांमुळे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये दुपारचे तापमान सरासरीच्या वर राहिले. अशा हवेत ढगांचे आच्छादन नसल्याने रात्री उष्णता लवकर निघून जाते, त्यामुळे दिवस-रात्रीच्या तापमानातील अंतर वाढते. निव्वळ मासिक सरासरी पाहिल्यास हा ताण पुरता दिसत नाही. पिकांवर होणारा परिणाम मुख्यतः दुपारच्या उन्हाचा असतो. त्याने जमिनीतील उरलासुरला ओलावाही आटतो व काळ्या मातीला भेगा पडतात.

परिणाम

शरदातील पावसाशी दोन प्रशासकीय तारखा जोडलेल्या आहेत. पहिली १५ ऑक्टोबरची. त्या दिवशी जायकवाडी धरणातील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास नाशिक व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र आहे. २०१८ मध्ये साठा या मर्यादेखाली होता. सुमारे ९ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि वरच्या भागातून झालेला विरोध सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. न्यायालयाने स्थगिती दिली नाही. पाणी नदीपात्रातून सोडले जात असल्याने त्याचा काही भाग वाटेतच मुरतो. पात्र जितके कोरडे तितका हा व्यय अधिक.

दुसरी तारीख ३१ ऑक्टोबरची, म्हणजे खरीप दुष्काळ जाहीर करण्याच्या मुदतीची. त्या दिवशी राज्य शासनाने २६ जिल्ह्यांतील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांपैकी ११२ तालुक्यांत तो गंभीर, तर ३९ तालुक्यांत मध्यम स्वरूपाचा मानला गेला. ही निवड पैसेवारीऐवजी केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार झाली. तीत पर्जन्यमान, मातीतील आर्द्रता, उपग्रहाने टिपलेली वनस्पतींची स्थिती, जलसाठे इत्यादी निर्देशांक तपासून मग निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी केली जाते. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने महाराष्ट्रासाठी ४,७१४.२८ कोटी रुपयांची मदत मंजूर केली.

ओलावा नसल्याने रब्बी ज्वारीचा पेरा घटला. ज्वारी गेली की धान्याबरोबर कडबाही जातो, त्यामुळे पशुधनाच्या चाऱ्याचा प्रश्न उभा राहिला व पुढे चारा छावण्या उघडाव्या लागल्या. मे २०१९ पर्यंत जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता. राज्यातील टँकरांची संख्या सहा हजारांवर गेली आणि त्यांत मराठवाड्याचा वाटा मोठा होता.

पुढच्याच वर्षी चित्र उलटले. २०१९ मध्ये मोसमी वाऱ्यांची माघार ९ ऑक्टोबरपर्यंत लांबली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अतिरिक्त पावसाने काढणीला आलेल्या सोयाबीनचे मोठे नुकसान केले.