वर्नर हार्टेनस्टाईन (१९०८–१९४३)

जन्म जर्मनीतल्या प्लाउएनचा. दुसऱ्या महायुद्धात ‘यू-१५६’ या जर्मन पाणबुडीचा कप्तान. १२ सप्टेंबर १९४२ च्या रात्री पश्चिम आफ्रिकेजवळ त्याने ब्रिटिशांचं ‘लॅकोनिया’ जहाज बुडवलं. पाण्यातून इटालियन भाषेत हाका येऊ लागल्या. जहाजात जर्मनीच्या मित्रदेशाचे, इटलीचे, सुमारे १,८०० युद्धकैदी होते! मग त्याने ब्रिटिशांनाही वर घेतलं, मदतीसाठी इंग्रजीत उघड संदेश धाडला. जहाज त्यानेच बुडवलं होतं, हे खरं. तरीही त्या दिवसांतली त्याची माणुसकी मोठीच. १६ तारखेला, रेड क्रॉसचं निशाण पसरलेलं असतानाही, अमेरिकी विमानाने पाणबुडीवर बॉम्ब टाकले. त्यानंतर जर्मन पाणबुड्यांचा प्रमुख ॲडमिरल डोनिट्झ याने बुडत्यांना वाचवायला मनाई केली. मार्च १९४३ मध्ये बार्बाडोसच्या पूर्वेला विमानहल्ल्यात हार्टेनस्टाईन सगळ्या खलाशांसह मारला गेला.