एक गळा, सहा चाली

जुलैचा शेवटचा आठवडा आला की नागपूरच्या वर्तमानपत्रांत रफी आणि किशोरच्या कार्यक्रमांच्या जाहिराती दिसू लागतात. 31 जुलै ही रफीसाहेबांची पुण्यतिथी, 4 ऑगस्ट हा किशोरकुमारचा जन्मदिवस. सिव्हिल लाइन्सचं वसंतराव देशपांडे सभागृह, लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह, 2017 पासून रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह. जागा आता भरपूर आहेत आणि गाणारेही. किशोरवर तर आपला थोडा हक्कच आहे. तो 1929 साली खंडव्यात जन्मला, तेव्हा खंडवा मध्यप्रांतात होतं आणि प्रांताची राजधानी नागपूर होती.

या कार्यक्रमांत हमखास टाळ्या घेते ती मेडली. एकाच गायकाची पाच-सहा गाणी, प्रत्येकाचा मुखडा, जमलं तर एखादा अंतरा, आणि मधे न थांबता पुढचं गाणं. ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज एकाचाच, मग जोडायला कितीसा वेळ? खरी अडचण तिथेच आहे. किशोरचा आवाज एक, पण चाली कितीतरी जणांच्या. 1948 च्या ‘जिद्दी’त खेमचंद प्रकाश, 1969 च्या ‘आराधना’त सचिनदेव बर्मन, 1978 च्या ‘डॉन’मध्ये कल्याणजी-आनंदजी. प्रत्येकाची पट्टी, लय आणि वाद्यमेळ निराळा.

उलटं उदाहरण 1977 च्या ‘हम किसीसे कम नहीं’मध्ये आहे. त्यातल्या गाण्याच्या स्पर्धेत चार छोटी गाणी एकामागून एक येतात. रफी, किशोर, स्वतः राहुलदेव बर्मन आणि शेवटी किशोर-आशा. आवाज बदलतात, पण सगळं रचणारा पंचम, म्हणजे राहुलदेव, एकटाच. सांधे कुठे येणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. आपल्या ऑर्केस्ट्रावाल्याच्या हाती मात्र दुसऱ्यांनी पूर्ण करून ठेवलेली गाणी येतात.

तालमीत पहिला प्रश्न पट्टीचा. समजा पहिलं गाणं काळी चारमध्ये आणि पुढचं काळी एकमध्ये आहे. ही जोडी सोन्यासारखी, कारण पहिल्याचा षड्ज तोच दुसऱ्याचा पंचम. कीबोर्डवाला तो सूर धरून ठेवतो, त्यात हळूच कोमल निषाद मिसळतो, आणि ऐकणाऱ्याचा कान आपोआप काळी एककडे ओढला जातो. गायकाने तोंड उघडण्याआधीच नवं गाणं सुरू झालेलं असतं. अशी जोडी नसेल तर एखादं गाणं अर्धा-एक सूर खाली-वर घेतात. त्याहून जास्त ओढाताण केली की गळ्याचा पोत जातो. खर्जात रेंगाळणारा किशोर उंच पट्टीत कुणीतरी दुसराच वाटतो.

पट्टीपेक्षा लय जास्त छळते. केहरव्यातून केहरव्यात जाणं सोपं. दादऱ्यातून केहरव्यात जाताना ढोलकवाल्याची परीक्षा असते. सहा मात्रांचं आवर्तन आठांत बसवायचं कसं? एक युक्ती अशी, की आवर्तनाचा वेळ तोच ठेवायचा. मिनिटाला 90 मात्रांचा दादरा एका आवर्तनाला चार सेकंद घेतो. मिनिटाला 120 मात्रांचा केहरवाही तेवढेच. सम जागेवर राहते, आतली विभागणी तेवढी बदलते. दुसरी युक्ती म्हणजे सगळ्यांनी एकदम थांबायचं, ऑक्टोपॅडवर एक तुकडा वाजवायचा आणि नवीन लय धरायची. ही सोपी, म्हणून फार वापरली जाते. एका मेडलीत ती तीनदा आली की मला कंटाळा येतो.

जगाला एका कलाकाराच्या मेडलीची चटक लागली ती 1981 मध्ये, ‘स्टार्स ऑन 45’मुळे. हॉलंडच्या याप एगरमाँटने बीटल्सची गाणी हुबेहूब आवाजाच्या गायकांकडून पुन्हा गाऊन घेतली आणि सगळ्यांखाली एकच ड्रम आणि टाळ्या ठेवल्या. तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. सांधा कुठे कळत नाही, पण गाण्यांचे स्वभावही कळेनासे होतात. सगळ्या किशोरला एकाच ठेक्यात बांधणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हे जरूर ऐकावं.

हल्ली कॅरोकेवाले संगणकावर मेडली जोडतात. जुन्या ध्वनिमुद्रणांत पन्नासेक वादक एकत्र बसून वाजवत, कानात मोजणी देणारं यंत्र नसे. त्यामुळे अंतऱ्यात लय नकळत चढते. संगणक ती सरळ करून देतो, पण त्यात गाण्याचा जीवही थोडा चेपला जातो. वाजवणारी माणसं असली तर ती गायकाकडे बघून चढलेली लय पुढच्या गाण्यात तशीच उचलतात.

क्रम लावणंही वेगळं काम आहे. योडलिंगचं गाणं पहिलं ठेवलं तर गळा तापलेला नसतो, शेवटी ठेवलं तर दम संपलेला असतो. ते मधे, आणि त्याच्यानंतर संथ गाणं, म्हणजे गायकाला श्वास मिळतो. दोन दुःखी गाणी लागोपाठ ठेवू नयेत. लोक मोबाइल काढतात.

आणखी एक नागपुरी अडचण. सभागृहातून ‘वन्स मोअर’ येतो तेव्हा मेडलीतला एक तुकडा परत देता येत नाही, कारण त्याची पट्टी आणि लय मागच्या गाण्यावर टेकलेली असते. म्हणून जाणते लोक शेवटचं गाणं दोन्ही अंतऱ्यांसह पूर्ण ठेवतात आणि ‘वन्स मोअर’ला तेवढंच पुन्हा गातात.