गुडूचीचे महारेणू : स्वरस, क्वाथ आणि बाटली

चरकाचार्यांनी मेध्य रसायनांत गुडूचीचा रस सांगितला आहे, क्वाथ नव्हे. वसईच्या वाडीतील आंब्यावर चढलेली ओली गुळवेल कुटून काढलेला स्वरस आणि दुकानातून आणलेली गुळवेल रसाची बाटली ही एकच कल्पना मानावी काय, हा प्रश्न २०२० च्या साथीपासून आमच्या चिकित्सालयात वारंवार उपस्थित होत आहे. त्याचे उत्तर केवळ तिक्त द्रव्यांच्या टक्केवारीत शोधणे आम्हांस अपुरे वाटते.

तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये गुडूचीच्या शुष्क कांडातील अरॅबिनोगॅलॅक्टन या बहुशर्करेचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचा सरासरी रेणुभार सुमारे २२ लाख. ग्लुकोजचा अवघा १८०. ही बहुशर्करा रोगप्रतिकारातील बी-पेशींची वाढ उद्दीपित करते, असेही त्यांना आढळले. एवढी लांब साखळी अग्निसंस्काराने तुटते काय, हे रेणूंच्या आकारावरून पाहता येते. त्यासाठी साइज एक्सक्लूजन क्रोमॅटोग्राफी उपयोगी पडते.

हिची रीत आपल्या चाळणीच्या नेमकी उलट आहे. नळीत सच्छिद्र कण भरलेले असतात. लहान रेणू छिद्रांत शिरून रेंगाळतात. मोठ्यांना आत प्रवेश नसल्याने ते प्रथम बाहेर पडतात. १९५९ मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे पोराथ व फ्लोडिन यांनी ज्या सेफाडेक्सवर ही पद्धत रूढ केली, ते जेलही डेक्स्ट्रन या बहुशर्करेच्या साखळ्या एकमेकींस आडव्या बांधूनच तयार होते. साखळ्या तुटल्या तर आलेखातील शिखर उशिराकडे सरकते. परस्परांस जोडल्या गेल्या तर लवकर उमटते. शर्करा अतिनील प्रकाश फारसा शोषत नाहीत, म्हणून येथे अपवर्तनांक मोजणारा शोधक लावतात.

मात्र आलेख पाहून घाई करू नये. नुसते चिकटून झालेले पुंजकेही लवकरच बाहेर येतात. फार घट्ट जोडले गेलेले द्रव्य तर विरघळतच नाही. ते गाळणीवर राहते आणि आलेखात दिसतच नाही. म्हणून घातलेल्यापैकी किती द्रव्य बाहेर आले, याचा हिशेब अनिवार्य. शिवाय शाखायुक्त रेणू आटोपशीर असल्याने प्रत्यक्षापेक्षा लहान भासतो. तेथे प्रकाश-विकिरणाची जोड घ्यावी लागते.

बाटलीबाबत आमची शंका आम्लाविषयी आहे. अरॅबिनोजचे फ्युरॅनोज बंध आम्लात तुलनेने लवकर तुटतात, आणि टिकवण्यासाठी सायट्रिक आम्ल घातलेला रस दुकानात महिनोन्‌महिने राहतो. अर्थात साखळी तुटली म्हणजे वीर्य गेले, असे समीकरण मांडता येणार नाही. तुकड्यांची क्रिया स्वतंत्रपणे तपासावी लागेल. गुळवेल सत्त्वातील परक्या पिष्टाची भेसळ ओळखण्यास मात्र एवढा खटाटोप नको. पिष्टकण प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत.

२०२१ मध्ये मुंबईतील चिकित्सकांनी गुळवेल सेवनानंतरच्या यकृतविकाराचे सहा रुग्ण नोंदविले. आयुष मंत्रालयाने वनस्पतीच्या ओळखीविषयी आक्षेप घेतला. तो वाद या पद्धतीने सुटणार नाही, कारण संशयित लहान रेणू येथे शेवटी एकत्रच बाहेर पडतात.

शार्ङ्गधराने चूर्णाला दोन महिन्यांची, गुटी-अवलेहाला एक वर्षाची मर्यादा घातली. स्वरस तर ताजाच घ्यावयाचा. बाटलीवर दीर्घ मुदत छापणाऱ्या उत्पादकाकडे वैद्यांनी एकाच घाण्याचे दोन आलेख मागावेत : एक भरतेवेळचा, दुसरा मुदत संपतानाचा. तोवर यकृतविकार असलेल्यांना वगळून, ओळख पटलेल्या वेलीचा ताजा स्वरसच आम्ही देत आहोत.