रोजगार मेळावे आणि कागदपत्रांविना वाढलेले विद्यार्थी

अमेरिकेतील विद्यापीठांच्या आवारात दर वर्षी रोजगार मेळावे भरतात. एका प्रशस्त दालनात कंपन्यांची टेबले मांडलेली असतात आणि विद्यार्थी आपल्या शिक्षणाचा तपशील हाती घेऊन एका टेबलाकडून दुसऱ्याकडे जातात. काही विद्यार्थी मात्र दारापर्यंत येऊन परततात. ते लहानपणी आईवडिलांबरोबर त्या देशात आले व तेथेच वाढले. परंतु वास्तव्याची अधिकृत कागदपत्रे त्यांच्यापाशी नाहीत.

शिक्षणाचे दार त्यांना बरेचसे मोकळे आहे. 'प्लायलर विरुद्ध डो' या टेक्सासमधील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये असा निर्णय दिला की, अशा मुलांना सरकारी शाळेतील मोफत शिक्षण नाकारता येणार नाही. कॅलिफोर्नियाने २००१ च्या कायद्याने, राज्यातील शाळांत शिकलेल्या अशा विद्यार्थ्यांना स्थानिकांइतकीच विद्यापीठीय फी लागू केली. नोकरीचे तसे नाही. १९८६ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक मालकाला नव्या नोकराची कागदपत्रे तपासावीच लागतात. २०१२ मध्ये 'डाका' या नावाने ओळखली जाणारी योजना आली आणि अनेकांना दोन वर्षांचा, नूतनीकरण होऊ शकणारा काम करण्याचा परवाना मिळाला. मात्र १५ जून २००७ पासून सलग वास्तव्य, ही तिची अट आहे. त्या तारखेनंतर परदेशात जन्मलेले मूल या अटीत बसूच शकत नाही, आणि हीच मुले आता विद्यापीठात पोचली आहेत.

मेळाव्यातील भीतीचे मूळ बहुधा एखाद्या साध्या प्रश्नात असते. जन्म कोठला? नागरिकत्व कोणते? वस्तुतः या टप्प्यावर मालकाने विचारावे असे एकच आहे : उमेदवाराला देशात काम करण्याचा कायदेशीर अधिकार आहे काय? कागदपत्रांची तपासणी नोकरी देऊ केल्यानंतरची आहे, आणि मान्य यादीतील कोणती कागदपत्रे दाखवावयाची हे नोकराने ठरवावयाचे असते. 'फक्त नागरिकांनीच अर्ज करावेत' अशी अटदेखील कायद्याने किंवा सरकारी कंत्राटाने आवश्यक असेल तेथेच घालता येते. विद्यापीठाच्या सेवायोजन कार्यालयाने हे सर्व कंपन्यांना आधीच लेखी कळविले, तर टेबलापाशी होणारा निम्मा संकोच टळतो.

दुसरी बाब याद्यांची. कार्यालयांना याद्यांची हौस असते, आणि सद्हेतूनेसुद्धा 'कागदपत्रे नसलेले विद्यार्थी' असा वेगळा रकाना नोंदवहीत येतो. तो नसावा. तेथे लिहिलेला घरचा पत्ता आईवडिलांचाही असतो. १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींना संरक्षण आहे. तथापि नाव, पत्ता, दूरध्वनी यांसारखी माहिती, विद्यार्थ्याने हरकत घेतली नसेल तर, संस्थेला प्रसिद्ध करता येते. हरकत घेण्याची ही सोय मेळाव्यापूर्वीच समजावून सांगितली पाहिजे.

पाहुणे कोण येणार, हेही आधी जाहीर व्हावे. मार्च २०१९ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात सीमा-गस्ती दलाचे गणवेषधारी कर्मचारी विद्यार्थ्यांच्या एका मंडळापुढे बोलण्यास आले, तेव्हा आवारात निदर्शने झाली. शाळा-विद्यापीठांत सहसा अटकेची कारवाई करू नये, असे २०११ पासून चालत आलेले सरकारी धोरण जानेवारी २०२५ मध्ये मागे घेण्यात आल्यापासून ही दक्षता अधिकच आवश्यक झाली आहे. सर्वांना खुल्या असलेल्या जागेत असे अधिकारी येऊ शकतात. बंद दालनात संमतीविना प्रवेशासाठी मात्र न्यायाधीशाच्या सहीचे वॉरंट लागते. दारावरील स्वयंसेवकाला एवढा फरक ठाऊक असावा.

सल्ला देणाऱ्याचे अज्ञान सर्वांत घातक. एखादा समुपदेशक 'तुमच्यासाठी येथे काही नाही' म्हणून मोकळा होतो. दुसरा 'काहीही लिहा, कोण पाहतो' असे सुचवितो, आणि हे अधिक वाईट. नोकरीच्या सरकारी नमुन्यात स्वतःला खोटेपणाने नागरिक म्हणवून घेतल्यास, पुढे विवाहाने वा अन्य मार्गाने कायदेशीर होण्याची वाटही कायमची बंद होऊ शकते. खरी माहिती या दोहोंच्या मधली आहे. सर्जिओ गार्सिया या कागदपत्रे नसलेल्या कायदा-पदवीधरास वकिलीची सनद देण्यास हरकत नाही, असे कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये ठरविले. त्याच वर्षीच्या कायद्याने त्या राज्यात इतर व्यवसायांच्या परवान्यांचीही तशी सोय झाली. सनद म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे, हे मात्र त्याच वेळी सांगावयास हवे. नोकरी या सदरात न येणाऱ्या शिष्यवृत्त्या आणि पुढील शिक्षण यांचेही एखादे टेबल मेळाव्यात असावे.

महाराष्ट्रातून तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या कुटुंबांनाही हा विषय अगदीच परका नाही. पालकांचा कायम वास्तव्याचा अर्ज वर्षानुवर्षे रांगेत राहतो आणि एकविसाव्या वर्षी मुलाचा अवलंबित म्हणून असलेला दर्जा संपतो. या मुलांचा दर्जा कायदेशीर असल्यामुळे ती 'डाका'च्या अटींतही बसत नाहीत. बहुतेकांना विद्यार्थी-व्हिसा घ्यावा लागतो, आणि मेळाव्यात 'पुढे कंपनीने तुमच्यासाठी व्हिसा मागावा लागेल काय?' या प्रश्नाला त्यांचे खरे उत्तर 'होय' असे असते. कोणत्या कंपन्या असा अर्ज करतात, याची माहिती प्रवेशद्वारापाशीच लावून ठेवणे कोणत्याही विद्यापीठाला जमण्याजोगे आहे.