एचआयव्हीच्या गोळीशेजारची दुसरी गोळी

एचआयव्ही म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अजूनही १९९०च्या आसपासचे ते भीतिदायक दिवस येतात. पण १९९६च्या सुमारास तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत रुळली आणि चित्र पालटलं. आज इथे अमेरिकेत निदान झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पन्नाशीच्या पुढचे आहेत. म्हणजे त्यांनाही मधुमेह आहे, रक्तदाब आहे, कोलेस्टेरॉल आहे. विषाणू एका गोळीत आटोक्यात, आणि बाकीच्या गोळ्यांनी डबा भरलेला!

समजा, असे एक साठीचे काका आहेत. त्यांच्या एचआयव्हीच्या गोळीत कोबिसिस्टॅट आहे. हे औषध विषाणूला हात लावत नाही. ते यकृतातल्या सीवायपी३ए४ या विकराला अडवतं, त्यामुळे सोबतचं मुख्य औषध शरीरात जास्त वेळ टिकतं. अडचण अशी की हा विकर इतर असंख्य औषधांचाही निचरा करतो. काकांनी वसंतातल्या परागकणांसाठी दुकानातून, चिठ्ठीशिवाय, फ्लुटिकासोनचा नाकातला फवारा आणला तर त्यातलं स्टेरॉइड रक्तात साठत जातं. चेहरा सुजतो, साखर वाढते, रक्तदाब चढतो. डॉक्टर साखर पाहून मधुमेहाची गोळी वाढवतात. मूळ कारण मात्र न्हाणीघराच्या कपाटात. सिम्व्हास्टॅटिनचं तर विचारूच नका. कोबिसिस्टॅटबरोबर ते घेतल्यास स्नायू विरघळू लागतात आणि मूत्रपिंडं धोक्यात येतात.

इथेच टीममधला फार्मासिस्ट उपयोगी पडतो. आपल्याकडे ‘केमिस्ट’ म्हणजे काउंटरपलीकडचा माणूस, अशी सवय असते. इथल्या एचआयव्ही क्लिनिकमधला फार्मासिस्ट डॉक्टरेट घेतलेला असतो, रुग्णाशी स्वतंत्रपणे बोलतो, आणि बहुतेक राज्यांत डॉक्टरांशी लेखी करार असेल तर त्याच्या चौकटीत औषधाचा डोस बदलूही शकतो. डोल्युटेग्राव्हिरमुळे मेटफॉर्मिनची रक्तातली पातळी वाढते, म्हणून मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमपर्यंतच ठेवायचं, हे त्याच्या ध्यानात असतं. त्याच डोल्युटेग्राव्हिरने क्रिएटिनिनचा आकडा थोडा वर जातो, पण मूत्रपिंडाला इजा झालेली नसते. फक्त क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट अडलेली असते. हे सांगणारं कुणी नसलं तर माणूस उगाच घाबरतो, आणि कधी चांगलं चाललेलं औषध सोडून देतो.

हृदयविकाराची बाजूही बदलते आहे. २०२३ मध्ये ‘रिप्रीव्ह’ या चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह १२ देशांतल्या ७,७६९ एचआयव्हीबाधितांवर ती झाली. पिटाव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात अशा गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी आढळल्या. हे स्टॅटिन त्या यकृतातल्या विकरावर फारसं अवलंबून नसतं, हा त्याचा मोठा गुण.

आता थोडं नाजूक बोलतो. आपल्या मंडळात सगळे सगळ्यांना ओळखतात. त्यामुळे एचआयव्हीची औषधं टपालाने लांबच्या फार्मसीतून मागवायची आणि बाकीची कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्यायची, असं घडू शकतं. कारण मला समजतं. पण मग दोन्हीकडच्या संगणकांना अर्धीच यादी दिसते, आणि धोक्याची सूचना द्यायला कुणीच उरत नाही. फार्मासिस्टवर गोपनीयतेचं कायदेशीर बंधन असतं. त्याला तरी पूर्ण यादी कळू द्या.

यादीत भारतातून बॅगेतून आलेलंही धरा. जेलुसिल, डायजिन यांतल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमला डोल्युटेग्राव्हिर आतड्यातच चिकटतं आणि रक्तात पोचत नाही. म्हणून ते त्याआधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी घ्यायचं. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी मात्र जेवणासोबत, एकत्र चालते. रिल्पिव्हिरिनचं गणित निराळं: त्याला पोटातलं आम्ल लागतं, त्यामुळे ओमेप्राझोल त्याच्यासोबत अजिबात नाही.

स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. पुढच्या भेटीला सगळ्या बाटल्या, फवारे, चूर्णं एका पिशवीत घालून न्या आणि फार्मासिस्टसमोर टेबलावर ओता. ‘हे तर साधंच आहे’ म्हणून घरी ठेवावीशी वाटेल ती बाटली आधी पिशवीत टाका.