धार पडतेय म्हणजे सगळं ठीक?

नारळी पौर्णिमा जवळ आली की मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर ताडपत्र्या निघतात. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपलेली असते आणि झाकून ठेवलेली आऊटबोर्ड इंजिनं पुन्हा होड्यांच्या मागच्या फळीवर चढतात. एखादं जुनं टू-स्ट्रोक दोर खेचून खेचूनही उठत नाही आणि जमलेल्यांतलं कुणीतरी निकाल देऊन मोकळं होतं, ‘म्हातारं झालं, विकून टाका.’ खरं तर ही इंजिनं वयानं क्वचितच मरतात. पाणी, तेल आणि पेट्रोल यांच्या वाटेत झालेली हयगय त्यांना मारते, आणि त्या वाटेवरचे बरेचसे सुटे भाग स्वस्तातले असतात.

सगळ्यात पक्का गैरसमज धारेचा. ‘पाणी मारता मां? मगे झाला!’ इंजिनाच्या मागच्या बारीक नळीतून पडणारी धार एवढंच सांगते, की पंप पाणी वर ढकलतोय. सिलिंडरभोवतीच्या वाटा मीठ आणि गाळानं अर्ध्या बुजल्या असल्या तरी धार पडतच राहते आणि इंजिन आतून तापत जातं. उलट, धार थांबली म्हणजे पंप गेलाच असंही नाही. पुष्कळदा त्या नळीच्या तोंडाशी वाळू किंवा मिठाचा खडा अडकलेला असतो. इंजिन बंद करून तार घाला. तरीही धार नसेल तर मग इम्पेलर बघा.

गिअरच्या डब्यावर बसणारं हे रबरी पाकळ्यांचं चक्र. थकलेल्या इम्पेलरच्या पाकळ्या एकाच बाजूला वळून राहतात, बोटानं सरळ केल्या तरी परत वाकतात. तो वर्षा-दोन वर्षांनी बदलावाच. पाकळी तुटलेली निघाली तर तुकडा सापडेपर्यंत काम संपलं असं समजू नका, कारण तो वर पाण्याच्या वाटेत अडकून बसलेला असतो. ‘दोन मिनिटं चालवून दाखवतो’ म्हणत कोरड्या जमिनीवर दोर खेचणारा विक्रेता दिसला तर त्याला तिथेच थांबवा. पाणी हेच त्या रबराचं वंगण, आणि कोरडं फिरलं की ते काही सेकंदांत झिजतं. इंजिन पिंपातच चालवायचं, पाणी ओढणारी जाळी नीट बुडेल इतकं पाणी भरून. समुद्रातून आल्यावर त्याच पिंपात गोड्या पाण्यावर दहा मिनिटं चालवणं हा देखभालीतला सगळ्यात स्वस्त उपाय, आणि नेमका तोच टाळला जातो.

‘थर्मोस्टॅट काढून टाकला की इंजिन थंड राहतं,’ हा सल्ला तर जाणकार म्हणवणारेही देतात. इंजिन थंड राहतं हे खरं, पण गरजेपेक्षा जास्त थंड. मग इंधन नीट जळत नाही, प्लग काळे-ओले होतात, पिस्टनवर कार्बन धरतो. थर्मोस्टॅट मिठानं अडकला असेल तर साफ करा किंवा बदला.

‘दोन थेंब तेल जास्त गेलं तर चांगलंच.’ पेट्रोल आणि तेलाचं ५०:१ प्रमाण म्हणजे लिटरमागे २० मिली तेल, २५:१ म्हणजे ४० मिली. आपल्या इंजिनाला यातलं काय हवं ते त्याच्या पुस्तिकेत असतं. जास्त तेलानं धूर आणि कार्बन वाढतो, शिवाय कार्बोरेटरच्या त्याच छिद्रातून तेवढं पेट्रोल कमी जातं. स्कूटरचं टू-टी ऑइलही नको. त्यातल्या राख सोडणाऱ्या घटकांचा थर पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनात पिस्टनवर आणि प्लगवर बसतो. डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ लिहिलेलं बघून घ्या. आणि पेट्रोलच्या इंजिनात रॉकेल मिसळून बचत होत नाही. रॉकेलच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन त्यासाठी मुळातच कमी ठेवलेलं असतं, पेट्रोलच्या इंजिनाचं तसं नसतं.

इंजिन चालता चालता दम तोडायला लागलं की सगळे कार्बोरेटरवर तुटून पडतात. त्याआधी पाईपमधला रबरी फुगा दाबून बघा. दाबल्यावर इंजिन सावरलं तर पाईपमधून हवा शिरतेय किंवा फ्युएल पंपाचा पडदा गेलाय. फुगा चपटा होऊन बसला असेल तर टाकीच्या झाकणावरची हवेची खिट्टी उघडायची राहिलीय. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि बहुतेक आऊटबोर्ड कंपन्यांची मर्यादा १० टक्क्यांची आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जास्त झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंधन तर तळातूनच ओढलं जातं. जुने रबरी पाईप आतून सोलतात ते वेगळंच. म्हणून बंदीच्या काळात टाकीत पेट्रोल ठेवू नये, आणि झाकून ठेवण्याआधी पाईप काढून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन पिंपात चालवावं.

गिअर ऑइल दुधाळ निघालं की ‘गिअरबॉक्स गेला’ अशी बोंब होते. आधी पंखा काढून बघा. पुष्कळदा दांड्याला तंगूस (मासेमारीचा नायलॉन धागा) गुंडाळलेलं असतं आणि त्यानं मागचं ऑइल सील कापलेलं असतं. सील आणि स्क्रूचे वॉशर बदला. नवं तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा अडकत नाही.

समुद्रात पडलेलं इंजिन ‘उन्हात वाळवून मग बघू’ म्हणून ठेवणं हा मात्र महागातला गैरसमज. खाऱ्या पाण्यात ते फारसं गंजत नाही, बाहेर हवेत आल्यावर मीठ आणि हवा मिळून काही तासांत बेअरिंगवर गंज चढतो. बाहेर काढल्याबरोबर गोड्या पाण्यानं धुवा, प्लग काढा, प्लगची भोकं खाली करून दोर हळूहळू ओढत पाणी काढा, कार्बोरेटर रिकामा करा, सिलिंडरमध्ये तेल सोडा आणि त्याच दिवशी सुरू करा. चालू असताना बुडालं असेल आणि दोर अडत असेल तर जोर लावू नका. आत पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. मेकॅनिक उद्याच येणार असेल तर इंजिन तोवर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. ऐकायला उफराटं वाटतं, पण तेच बरोबर आहे.

मग इंजिन खरंच थकलंय हे ओळखायचं कसं? दुचाकीच्या गॅरेजमधून कॉम्प्रेशन गेज मागून आणा. सगळे प्लग काढून त्यांच्या वायरी बॉडीला अर्थ करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि काटा चढायचा थांबेपर्यंत दोर खेचा. दोन सिलिंडरांच्या आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांच्या आत फरक असेल आणि दोन्ही आकडे पुस्तिकेतल्यापेक्षा फार खाली नसतील, तर ‘म्हातारं झालं’ म्हणणाऱ्याला घरी पाठवा. एखादा फारच खाली असेल तर रिंगा बदलायच्या, बोअर करून मोठा पिस्टन घालायचा की भंगारात द्यायचं, हा हिशेब तेव्हा मांडावा.