घरातला थीम वाढदिवस: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

लहान मुलाचा वाढदिवस जवळ आला की हल्ली पहिला प्रश्न येतो, "थीम काय?" आणि लगेच दुसरा, "डेकोरेशन कुणाला दिलंय?" हे दोन प्रश्न एकमेकांना चिकटले आणि तिथूनच बरेचसे गैरसमज सुरू झाले. थीम म्हणजे सजावट, असं एकदा मनात बसलं की बॅकड्रॉप, फुग्यांची कमान आणि कपड्यांचे रंग यांतच सगळी शक्ती संपते. आलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलांनी दोन तास करायचं काय, हे मात्र कुणी ठरवलेलंच नसतं. माझ्या मते थीम हा खेळाचा धागा आहे, सजावट त्या खेळाला लागेल तेवढीच. असा विचार केला तर दोन खोल्यांचं घरही पुरतं.

"थीम वगैरे आपल्याकडचं नाही"

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत होणारं बोरन्हाण आठवून पाहा. पाच वर्षांच्या आतल्या बाळाला काळं झबलं किंवा काळा फ्रॉक, अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट. पाटावर बसवून औक्षण करायचं आणि मग बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, लाह्या, भुईमुगाच्या शेंगा डोक्यावरून ओतायच्या. जमलेली पोरं ते वेचायला धावतात. ठरलेला रंग, ठरलेला साज, त्या हंगामाचाच खाऊ, आणि मुलांना सगळ्यात आवडणारा वेचण्याचा खेळ. संपूर्ण थीम पार्टीच ही, आणि तीही घरातल्या दिवाणखान्यात होणारी. आपल्या आज्या-पणज्यांना हे पक्कं ठाऊक होतं की बाळाला साज लक्षात राहत नाही, ओंजळभर खाऊ अंगावरून घरंगळल्याची गंमत मात्र तिथल्या तिथे कळते.

"थीम करायची तर सामान विकत आणावं लागतं"

बाजारात मिळणारं बरंचसं सामान तर आता कायद्यातच बसत नाही. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिक आणि थर्माकोलच्या एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून देशभर जी यादी लागू झाली, तिच्यात फुग्यांना लावायच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे झेंडे, सजावटीचं थर्माकोल, प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, ग्लास आणि स्ट्रॉ यांची नावं स्पष्ट आहेत. मुलाच्या नावाची थर्माकोलची अक्षरं अजूनही दुकानात लटकलेली दिसतात, म्हणून ती चालतात असं नाही.

आणि ती लागतातही कशाला? गणपतीला पुठ्ठ्याचं मखर आणि दिवाळीला कागदी कंदील करणाऱ्या घरांत वाढदिवसासाठी लागणारं सगळं कसब आधीपासून आहे. मला सगळ्यात आवडणारी थीम एसटीची. खुर्च्या दोन-दोनच्या रांगांत मांडा, मधे वाट सोडा. पुढच्या स्टुलावर ड्रायव्हर, त्याच्या हातात स्टिलची ताटली. पडद्याच्या दांडीपासून एक सुतळी ओढून तिच्या टोकाला घुंगरू किंवा पूजेतली लहान घंटा बांधा. एक टोला पडला की गाडी थांबते, डबल बेल दिली की सुटते. हा नियम अडीच वर्षांच्या मुलालाही समजतो आणि तो दोरी सोडायला तयार होत नाही. कंडक्टरच्या गळ्यात कापडी पिशवी, हातात रंगीत कागदाच्या तिकिटांचा गठ्ठा आणि कागदाला भोक पाडायचा पंच. पंच मात्र मोठ्या माणसाच्या हातात.

घरातल्या जागा म्हणजे थांबे. गॅलरी हा समुद्रकिनारा, जेवणाच्या टेबलावर चादर टाकली की खाली बोगदा, स्वयंपाकघर म्हणजे स्थानकावरचं कँटीन. कँटीनमध्ये लिंबाएवढे बटाटेवडे आणि कोकम सरबत. प्रत्येक थांब्यावर एकच छोटा खेळ आणि पुन्हा बेल. आमंत्रण तिकिटाच्या आकाराचं करा, त्यावर सीट नंबर टाका. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला धावली होती, तेव्हा पहिलं तिकीट पुणे–नगरचंच फाडा. आजोबांना तिकिटांचा ट्रे आणि पंचाची टिकटिक आठवत असेल तर कंडक्टर तेच. आजोबांना कोपऱ्यात बसवून फोटोपुरतं बोलावण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

एसटीऐवजी भाजीमंडई, टपाल कार्यालय, पावसाळा, काहीही चालेल. मूल एरवी एकटं असताना कशाचं नाटक करत खेळतं, ते आठवडाभर पाहा. थीम तिथेच सापडते.

"जितकी मुलं जास्त तितकी मजा"

मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकी संशोधिकेने दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा खेळ बारकाईने पाहून १९३२ मध्ये त्याचे प्रकार मांडले. दोन-तीन वर्षांची मुलं बहुधा शेजारी बसून, पण आपापलं खेळतात. एकमेकांशी वाटून घेत, ठरवून खेळणं वयाबरोबर हळूहळू येतं. म्हणजे तीन वर्षांच्या वीस मुलांना एका खोलीत आणलं म्हणून त्यांचा एक खेळ होत नाही, वीस वेगळे खेळ एकमेकांवर आदळतात. मुलाचं वय अधिक एक किंवा दोन, एवढे पाहुणे हा साधा अंदाज मला पटतो. सोसायटीतल्या, कचेरीतल्या आणि नात्यातल्या सगळ्यांना बोलवायचंच असेल तर मोठ्यांसाठी जेवण वेगळ्या दिवशी ठेवा.

संगीत खुर्चीसारखे बाद होण्याचे खेळही याच कारणाने पाच वर्षांखाली टाळावेत. जो सगळ्यात लहान तोच पहिल्यांदा बाद होतो आणि उरलेला वेळ आईच्या मांडीवर रडतो. एसटीच्या खेळात कुणी बाद होत नाही, फक्त पुढच्या थांब्यावर उतरतो.

"आवडतं कार्टून प्रत्यक्ष आलं की मूल हरखून जातं"

पोशाखातला माणूस भाड्याने मिळतो. मोठं डोकं, न हलणारे डोळे, आणि तो थेट मुलाला उचलायला येतो. पुष्कळ मुलं त्या क्षणी किंचाळतात आणि घरातले म्हणतात, "अरे, घाबरतोस काय, आत काका आहेत!" तीन वर्षांच्या मुलाला या वाक्याचा उपयोग होत नाही. रेटा डी-व्हरीस यांचा १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी माहीत असावा. त्यांनी मुलांना मेनार्ड नावाचं शांत मांजर दाखवलं, हात लावू दिला, आणि मग त्याच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला. तीन वर्षांच्या अनेक मुलांच्या दृष्टीने आता तो कुत्राच झाला होता, चावू शकणारा. पाच-सहा वर्षांच्या मुलांना मात्र आत मांजरच आहे हे कळत होतं. तेव्हा लहानग्याची भीती हा हट्ट नाही, भित्रेपणाही नाही. त्या वयात रूप बदललं की वस्तूही बदलल्यासारखी वाटते. हौस असेलच तर ओळखीच्या माणसाने मुलासमोर टोपी चढवावी, मिशा लावाव्यात, आणि मुलाने म्हटलं की काढून टाकाव्यात.

"केक खाल्ला की मुलं चेकाळतात"

साखरेवरचा हा आरोप जगभर केला जातो, आणि तपासणीत तो टिकलेला नाही. मार्क वोलराइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये तोवरच्या नियंत्रित प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. साखरेमुळे मुलांच्या वागण्यात फरक पडत असल्याचं त्यात दिसलं नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा आणखी एक प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. पाच ते सात वर्षांच्या मुलग्यांना साखर नसलेलं गोड पेय दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की त्यात साखर आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली आणि त्यांनी मुलांना टोकलंही जास्त. वाढदिवसाला मुलं चेकाळतात ती गर्दीने, आवाजाने, चुकलेल्या झोपेने आणि लांबलेल्या जेवणाने. साखर कमी ठेवावी ती दातांसाठी आणि पोटासाठी.

रंगांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने २००७ मध्ये काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेन्झोएट यांच्या मिश्रणाचा अभ्यास केला, आणि मुलांच्या चंचलपणात लहानशी वाढ आढळली. त्यानंतर युरोपात २०१० पासून अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापणं सक्तीचं झालं. त्यांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइझिन आणि पाँसो फोर-आर हे चार भारतात मर्यादित प्रमाणात परवानगी असलेल्या आठ कृत्रिम रंगांत आहेत. एका दिवसाच्या एका तुकड्याने मोठं काही होत नाही, पण थीमसाठी गडद पिवळा किंवा लालभडक केक मागवताना हे लक्षात असू द्या. बीट, हळद, पालक आणि केशर यांनी फिकट रंग येतात, आणि मुलांना ते चालतात.

खरी काळजी चकाकीची. केकवर भुरभुरायची सोनेरी-रुपेरी पूड सगळीच खायची नसते. डबीवर "विषारी नाही" असं लिहिलेलं असणं आणि "खाण्यायोग्य" असं लिहिलेलं असणं यांत फार अंतर आहे. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये २०१८ मध्ये अशा पुडीचा जाड थर दिलेला वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलं आजारी पडली, आणि पुडीत तांबं भरपूर निघालं. केकवाल्याला डबीवरचे घटक विचारा. त्याला सांगता आले नाहीत तर चकाकी नको म्हणा.

"फुग्यांनी काय होणार?"

घरच्या पार्टीतली सगळ्यात धोक्याची वस्तू हीच. फुटलेल्या फुग्याचा तुकडा किंवा न फुगवलेला फुगा मुलाने तोंडात घातला, तर पातळ रबर घशाला चिकटून श्वासाची वाट पूर्ण बंद करू शकतं. म्हणूनच अमेरिकेत रबरी फुग्यांवर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी इशारा छापावा लागतो. फुगे मोठ्यांनी फुगवावेत, उंच बांधावेत, आणि फुटला की तुकडे त्याच क्षणी उचलावेत.

केकच्या वर टांगून टाचणीने फोडायचा तो मोठा फुगा मला अजिबात पसंत नाही. आतून चॉकलेटं, चमकी आणि कधी थर्माकोलचे मणी पडतात, त्यावर मुलांची झुंबड उडते आणि मणी तोंडात किंवा नाकात जातात. शिवाय आवाज. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलं तेव्हा ताण असह्य होऊन फुटणाऱ्या फुग्याचा आवाज १६८ डेसिबलपर्यंत गेला होता. खाऊ उधळायचाच असेल तर टोपलीतून ओता, बोरन्हाणासारखा.

छताला टेकणारे फुगे "गॅसचे" म्हणून मिळतात. हेलियम पेट घेत नाही, पण महाग पडतो. रस्त्यावरच्या सिलिंडरमध्ये अनेकदा हायड्रोजन असतो आणि तो मेणबत्तीच्या ज्योतीने भडकतो. फवाऱ्यातून उडणाऱ्या फसफसत्या बर्फाचंही तेच. त्यात बहुतेक वेळा ब्युटेन किंवा प्रोपेन हे ज्वालाग्राही वायू असतात. जळत्या मेणबत्तीभोवती तो फवारा कुणालाही उडवू देऊ नका, पाहुणा कितीही जवळचा असला तरी.

घशात अडकण्याचा धोका खाऊलाही आहे. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न, टणक गोळ्या देऊ नयेत, आणि द्राक्षं द्यायची तर उभी चिरून चार फोडी करून. बोरन्हाणातली बोरं नि शेंगाही बाळाच्या हातातून लगेच काढून घ्यायला हव्यात. श्वास कोंडल्यावर पाठीवर थापट्या आणि पोटावर दाब कसा द्यायचा, हे घरातल्या एकाने तरी आधी शिकून घ्यावं. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८.

"मेणबत्त्या फुंकू देऊच नयेत"

क्लेमसन विद्यापीठात २०१७ मध्ये पाहिलं तेव्हा फुंकल्यावर वरच्या क्रीमवरचे जिवाणू सरासरी चौदापट वाढले होते. ऐकायला भयंकर वाटतं, पण तोंडातले बहुतेक जिवाणू निरुपद्रवी असतात. मुलाला सर्दी-खोकला असेल तर मात्र मेणबत्ती वेगळ्या छोट्या केकवर लावा. दिवा विझवणं ज्या घरांत रुचत नाही, तिथे नुसतं औक्षण करून केक कापतात, आणि मुलाचं काही बिघडत नाही.

"रिटर्न गिफ्ट चमकणारं हवं"

लुकलुकणाऱ्या अंगठ्या, पट्टे, बॅटरीवरच्या पणत्या यांत बटण सेल असतो. तो गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी रात्र जाऊ देऊ नका, थेट एक्स-रे असलेलं रुग्णालय गाठा. सेलचं झाकण स्क्रूने बंद नसेल तर ती वस्तू पाच वर्षांखालच्या मुलाला देऊच नये. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेही पाहून घ्या. एसटीच्या पार्टीत मुलांनी आपली तिकिटं आणि कापडी कंडक्टर-पिशवी घरी नेली तरी पुष्कळ झालं.

"सात वाजता या"

सात म्हणजे साडेआठ, केक नऊला, आणि ज्याचा वाढदिवस तो खांद्यावर झोपलेला. दुपारची झोप झाल्यावर साडेचार ते साडेसहा ही वेळ लहानांना मानवते. आमंत्रणाच्या निरोपात चार गोष्टी लिहा: सुरू व्हायची वेळ, संपायची वेळ, सोबत एक मोठं माणूस थांबणार आहे का, आणि मुलाला कशाची ॲलर्जी आहे का. शेंगदाणा, दूध, अंडं हे विचारण्यात कसलाही संकोच नको. एसटीचं तिकीट असेल तर हे सगळं मागच्या बाजूला मावतं.